इमेज हातात आहे, व्हीएम कुठली घ्यायची? स्क्वीक-फारोच्या जुन्या फायली उघडणाऱ्यांसाठी

सांगलीत माझा मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्याचा छोटा क्लास आहे. आता तो विश्रामबागला, वरच्या मजल्यावर. २०१९ पर्यंत गावभागात होता, तळमजल्यावर. त्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं आणि क्लासचे सगळे कॉम्प्युटर पाण्याखाली गेले. घरच्या कपाटातला एक पेनड्राइव्ह तेवढा वाचला. त्यात मुलांनी स्क्वीकमध्ये (स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेची एक मोफत आवृत्ती) केलेलं एक मॉडेल होतं. आयर्विन पुलाच्या पातळीची पट्टी, ४० फूट झाले की पिवळी, ४५ झाले की लाल. पुराचं मॉडेल पुरातून वाचलं, याचं हसू नंतर आलं. आधी तीन संध्याकाळी गेल्या ते उघडण्यात, कारण इमेज होती पण ती चालवणारी व्हीएम कॉम्प्युटरबरोबर बुडाली होती.

तुमच्याही हातात अशी जुनी इमेज असेल, किंवा कुणी नवी धाडली असेल आणि ती उघडत नसेल, तर माझ्या तीन संध्याकाळींऐवजी तुमचा अर्धा तास जावा म्हणून हे लिहितोय.

आधी एक घोळ मिटवू. इथे इमेज म्हणजे फोटो नव्हे. आमच्या एका विद्यार्थ्याने "सर, फाईल खराब आहे, फोटोत उघडत नाही" म्हणून फोन केला होता. आणि व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स चालवायला आपण व्हर्च्युअलबॉक्समध्ये बनवतो तेही नव्हे. स्मॉलटॉकच्या जगात, म्हणजे स्क्वीक, फारो आणि त्यांची भावंडं यांत, इमेज म्हणजे चालू प्रोग्रामच्या मेमरीची जशीच्या तशी साठवलेली प्रत: सगळे ऑब्जेक्ट, उघड्या खिडक्या, अर्धवट लिहिलेला कोड, सगळं. ती मेमरी पुन्हा जिवंत करणारा छोटा प्रोग्राम म्हणजे व्हीएम. इमेज विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे तीच चालते, व्हीएम मात्र प्रत्येकाची वेगळी.

आणि प्रत्येक व्हीएमला प्रत्येक इमेज चालत नाही. मिरज जंक्शनवर एकेकाळी तिन्ही रूळ होते: ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १००० आणि लातूरकडची नॅरोगेज ७६२. डबा कितीही चांगला असला तरी त्याच्या चाकांच्या मापाचा रूळच लागायचा. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजवर "जरा ढकलून बघू" असं कुणी म्हणत नसे. मी मात्र तीन संध्याकाळी तेच केलं.

काय काय जवळ हवं

- इमेज फाईल. नावाच्या शेवटी 'डॉट इमेज' असतं.
- तिच्याच नावाची 'डॉट चेंजेस' फाईल, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या, बदललेल्या कोडची नोंद. ही बहुतेक जण विसरतात.
- 'डॉट सोर्सेस' फाईल, म्हणजे स्क्वीकचा स्वतःचा मूळ कोड. स्क्वीक ५ च्या मालिकेसाठी तिचं नाव 'स्क्वीकव्ही५०' असं असतं. ही हरवली तरी पुन्हा डाउनलोड करता येते. चेंजेस हरवली तर नाही.
- एक हेक्स एडिटर, म्हणजे फाईलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम. विंडोजवर एचएक्सडी हा फुकट आणि पुरेसा. लिनक्स आणि मॅकवर टर्मिनलमधली 'ओडी' कमांड आधीपासून असते.
- इमेज कुठून आली, कुणी, कधी आणि कुठल्या मशिनवर सेव्ह केली, यातलं जे आठवेल ते. कागदावर लिहून घ्या, पुढे उपयोगी पडतं.

१. आधी प्रत काढा, मगच हात लावा

इमेज उघडून सेव्ह केली की तीच फाईल बदलते, आणि काही वेळा तिचा फॉरमॅटही बदलतो. म्हणून इमेज, चेंजेस, सोर्सेस तिन्ही एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि मूळ फोल्डरला हातही लावू नका. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन मूळ फाईल 'रीड ओन्ली' करून ठेवली तर आणखी बरं.

नव्या फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहान आणि मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवा. "मुलांचे प्रोजेक्ट २०१४" असं मराठी नाव दिसायला छान दिसतं, पण माझ्याकडची जुनी व्हीएम अशा वाटेवर अडखळायची आणि दोष इमेजवर जायचा.

२. इमेजचा आकडा वाचा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. इमेज फाईलच्या पहिल्या चार बाइटांत तिच्या फॉरमॅटचा आकडा लिहिलेला असतो. व्हीएम फाईल उघडताना सगळ्यात आधी तोच बघते. मग आपणही आधी तोच बघावा.

विंडोजवर: एचएक्सडीमध्ये इमेज उघडा, कर्सर अगदी पहिल्या बाइटवर ठेवा. उजवीकडे डेटा इन्स्पेक्टर नावाचा कप्पा असतो, त्यात ३२ बिटांच्या पूर्णांकासमोर जो आकडा दिसेल तो हाच.

लिनक्स किंवा मॅकवर: ओडी कमांडला दोन गोष्टी सांगायच्या. पहिले ४ बाइट वाच (पर्याय कॅपिटल एन, पुढे ४) आणि ४ बाइटांचा दशमान आकडा म्हणून दाखव (पर्याय लहान टी, पुढे डी४). आकडा सरळ समोर येतो.

नुसते हेक्स बाइट दिसत असतील तरी घाबरू नका. ३२-बिट इमेजमध्ये बहुधा दुसरा बाइट १९ असतो आणि पहिल्या बाइटवरून ओळख पटते:

- ६६ १९ म्हणजे ६५०२
- ६८ १९ म्हणजे ६५०४
- ६९ १९ म्हणजे ६५०५
- ७९ १९ म्हणजे ६५२१

हेक्समधला १९ म्हणजे आपला २५. २५ गुणिले २५६ म्हणजे ६४००, त्यात पहिला बाइट मिळवायचा. हेक्स ७९ म्हणजे १२१, झाले ६५२१. सातवीतल्या मुलांना हेच उदाहरण देऊन मी हेक्स शिकवतो, पटकन कळतं.

६४-बिट इमेजमध्ये बी५ ०९ ०१ ०० असं दिसलं तर आकडा ६८०२१, आणि बी५ ०बी ०१ ०० दिसलं तर ६८५३३.

बाइट उलट्या क्रमाने दिसले, म्हणजे ०० ०० १९ ६६ असे, तर ती इमेज पॉवरपीसीच्या जुन्या मॅकवर सेव्ह झालेली असणार. त्याने बिघडत नाही, व्हीएम उघडताना क्रम स्वतः उलटवून घेते. आणि सुरुवातीलाच २३ २१ दिसलं, तर इमेजच्या आधी चालवण्याची एक ओळ चिकटवलेली आहे. खरा आकडा ५१२ व्या बाइटपासून शोधा. हे क्वचित भेटतं.

३. आकड्यावरून घराणं ओळखा

६५०२: सगळ्यात जुनं घराणं. स्क्वीक १९९६ साली ॲपलमध्ये जन्मलं, तेव्हापासून ३ च्या मालिकेपर्यंत हाच आकडा. स्क्रॅच १.४ सुद्धा आतून स्क्वीकच होतं आणि त्याची इमेज याच घराण्यातली. हिला जुनी इंटरप्रिटर व्हीएम (एकेक सूचना वाचत चालवणारी) लागते. कॉग नावाची पुढची वेगवान व्हीएम हिला उभी करत नाही.

६५०४: यात भाषेत खरी क्लोजर्स (आजूबाजूची व्हेरिएबलं लक्षात ठेवणारे कोडचे तुकडे) आली. स्क्वीक ४ ची सुरुवात आणि फारो १ चा काळ, साधारण २०१० च्या आगेमागे.

६५०५: तीच इमेज, पण कॉग व्हीएमवर सेव्ह झालेली. फ्लोट (दशांश) आकडे मेमरीत वेगळ्या क्रमाने ठेवले जातात, म्हणून आकडा बदलला. इथे एक सापळा आहे. ६५०४ ची इमेज कॉगवर मजेत उघडते. तुम्ही एकदा सेव्ह केलं की ती ६५०५ होते, आणि जुन्या इंटरप्रिटरवर बसलेला तुमचा मित्र दुसऱ्या दिवशी म्हणतो, "काल चालत होती, आज काय केलंस?" पहिल्या पायरीतली प्रत याचसाठी.

६५२१: स्पर. २०१५ मध्ये स्क्वीक ५.० बरोबर मेमरीची मांडणीच नव्याने केली गेली. फारोने २०१६ मध्ये फारो ५ पासून ती घेतली. हा ३२-बिट स्पर.

६८०२१: ६४-बिट स्पर. स्क्वीक ५.२, ५.३ यांच्या ६४-बिट इमेज, फारो ७, फारो ८ वगैरे.

६८५३३: ६४-बिट स्परच, पण एकाहून जास्त बाइटकोड संच (व्हीएमला कळणाऱ्या सूचनांचे संच) वापरणारा. २०२२ चं स्क्वीक ६.० इथे येतं. त्याच्या ३२-बिट भावाचा आकडा ७०३३. दोन्हीकडे फरक बरोबर ५१२ चा आहे, ती एका बिटाची खूण.

६८००२, ६८००३ किंवा ६८०१९ दिसला तर तुमच्याकडे दुर्मीळ चीज आहे. पहिले दोन स्परच्या आधीचे ६४-बिट. ६८०१९ हा ६४-बिट स्परचा सुरुवातीचा आकडा, पुढे तो बदलून ६८०२१ झाला.

माझी इमेज ६५०५ निघाली. मी काय करत होतो? नवीन आहे म्हणून स्परची व्हीएम उतरवली आणि तिच्यावर ही इमेज ओढत होतो. ती प्रत्येक वेळी इंग्रजीत एकच गोष्ट सांगत होती: हा इंटरप्रिटर (आवृत्ती ६५२१) ही इमेज फाईल (आवृत्ती ६५०५) वाचू शकत नाही. दोन्ही आकडे डोळ्यांसमोर होते! मला वाटलं पेनड्राइव्हला ओल लागली. तिसऱ्या संध्याकाळी आकडे नीट वाचले. तुम्हाला असा संदेश आला तर खूश व्हा: पहिला आकडा व्हीएमचा, दुसरा इमेजचा, दुसरी पायरी तिनेच करून दिली.

४. जोडीची व्हीएम आणा

स्क्वीकसाठी सोपा मार्ग म्हणजे 'ऑल-इन-वन' झिप. त्यात इमेज, चेंजेस, सोर्सेस आणि विंडोज-मॅक-लिनक्स तिघांच्या व्हीएम एकत्र असतात. स्क्वीकच्या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्यांची फोल्डरं अजून आहेत. तुमची इमेज ६५०५ असेल तर स्क्वीक ४.५ चं ऑल-इन-वन उतरवा, त्यातली इमेज बाजूला ठेवा आणि त्यातल्या व्हीएमवर आपली इमेज चालवा. माझं काम असंच झालं.

आता एक बारीक गोष्ट, नवे लोक हमखास इथे फसतात. आकडा जुळला म्हणजे सगळं जुळलं असं नाही. स्क्वीक ५.२ आणि ५.३ दोन्हींच्या ६४-बिट इमेजचा आकडा एकच. तरी नव्या इमेजला व्हीएममधल्या काही नव्या सोयी लागतात, प्लगइन लागतात. जुन्या व्हीएमवर ती उघडते आणि मग आवाज येत नाही, नाहीतर एखादं बटण दाबल्यावर 'प्रिमिटिव्ह फेल्ड' म्हणून लाल खिडकी उघडते. म्हणून आकडा जुळल्यावर तारीखही बघा. या व्हीएमची आवृत्ती तारखेसारखी लिहिलेली असते. स्क्वीक ५.३ बरोबरची २०२००३०२१७३० म्हणजे २०२० साल, मार्चची २ तारीख, वेळ १७:३०. नियम साधा: त्याच घराण्यातली आणि इमेजच्या काळातली किंवा थोडी नंतरची व्हीएम घ्या. आधीची नको.

फारोवाल्यांचं काम आणखी हलकं. फारो लाँचर हा प्रोग्राम घ्या. तो इमेजच्या फोल्डरमधली 'फारो डॉट व्हर्जन' ही छोटी फाईल बघतो आणि त्या आवृत्तीची व्हीएम स्वतः उतरवतो. इमेज लाँचरमध्ये 'इंपोर्ट' करायची एवढंच. ती छोटी फाईल नसेल आणि त्याचा अंदाज चुकला तर आवृत्ती हाताने निवडून देता येते. फारो ९ पासून खिडकी उघडायचं काम व्हीएमकडून इमेजकडे गेलंय, त्यामुळे फारो ८ ची इमेज आणि नवी व्हीएम अशी जोडी मुद्दाम लावायला जाऊ नका.

५. ३२ की ६४

विंडोज १० आणि ११ च्या ६४-बिट मशिनवर ३२-बिट व्हीएम निमूट चालते. तिथे काही करायचं नाही.

मॅकवर कॅटालिना, म्हणजे १०.१५ पासून ३२-बिट ॲप पूर्ण बंद झाली. नवा मॅक घेऊन जुनी ३२-बिट व्हीएम शोधत बसू नका, ती सुरूच होणार नाही.

लिनक्सवर गंमत आहे. व्हीएमची फाईल समोर दिसतेय, चालवण्याची परवानगी दिलीय, तरी टर्मिनल म्हणतं "अशी फाईल किंवा डिरेक्टरी नाही". माणूस दहा वेळा नावाचं स्पेलिंग तपासतो. फाईल आहे हो! नाही ती ३२-बिट लायब्ररी, जिच्या जोरावर ती सुरू होणार. उबुंटूवर आय३८६ आर्किटेक्चर चालू करून सी लायब्ररीचं ३२-बिट पॅकेज टाकलं की हा संदेश जातो. मग खिडकी आणि आवाज यांच्या ३२-बिट लायब्रऱ्या एकेक करून मागेल, त्या द्यायच्या.

आणि स्परच्या ६४-बिट व्हीएमवर ३२-बिट इमेज चालत नाही, उलटंही नाही. मशिन ६४-बिट आहे म्हणून इमेज आपोआप ६४-बिट होत नाही. आकडा काय म्हणतो ते बघा.

६. उघडताना

डबल क्लिक करू नका. मशिनवर दोन व्हीएम असतील तर विंडोज शेवटी नोंदवलेली उचलतं आणि तुम्हाला कळतही नाही कुठली चालली. विंडोजवर इमेज उचलून हव्या त्या व्हीएमच्या आयकॉनवर टाका. लिनक्सवर व्हीएमचा पूर्ण पत्ता देऊन पुढे इमेजचं नाव लिहा.

मॅकवर उतरवलेलं ऑल-इन-वन 'डाउनलोड्स'मधूनच चालवलं तर मॅक ते गुपचूप दुसऱ्या, फक्त वाचायच्या जागेवरून चालवतो. मग सेव्ह होत नाही. आधी ते ॲप्लिकेशन्समध्ये हलवा.

उघडल्यावर "चेंजेस फाईल सापडत नाही" असं आलं तर पुढे जायची घाई नको. बहुतेक वेळा कुणीतरी इमेजचं नाव बदललेलं असतं आणि चेंजेसचं जुनंच राहिलेलं असतं. माझ्याच पेनड्राइव्हवर इमेजचं नाव 'बॅकअप' आणि चेंजेसचं 'पूल' होतं, आणि हा पराक्रम माझाच. दोन्हींना एकच नाव द्या आणि पुन्हा उघडा. खरंच चेंजेस नसेल तर प्रोग्राम चालेल, पण तुमचा कोड वाचायला गेलात की व्हेरिएबलांची नावं टी१, टी२, टी३ अशी दिसतील आणि टिपणं गायब. पुढे नाव बदलायचं असेल तर आतल्या मेनूतून 'सेव्ह ॲज' करा, म्हणजे जोडी तुटत नाही.

७. काहीच जमत नसेल तर

स्क्वीकजेएस वापरा. ही ब्राउझरमध्ये चालणारी व्हीएम आहे. तिच्या पानावर इमेज आणि चेंजेस ओढून टाकल्या की १९९६ च्या इमेजपासून पुढच्या सगळ्या घराण्यांची ती ओळख ठेवते. वेग कमी असतो. पण आत काय आहे ते बघायला, किंवा आपला कोड बाहेर काढायला पुरते. शाळेच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉल करायची परवानगी नसते, तिथेही हाच उपाय.

८. पुढच्या घराण्यात न्यायचं असेल तर

६५०५ ची इमेज स्परच्या व्हीएमने उघडून सेव्ह करू, म्हणजे झाली नवी, असा विचार मनातून काढून टाका. उघडणारच नाही. जुन्या इमेजमध्ये आपल्या कोडचा क्लास (स्मॉलटॉकमधला, शिकवणीचा नव्हे) निवडून 'फाईल आऊट' करा, कोडची साधी टेक्स्ट फाईल मिळते. नव्या इमेजमध्ये ती 'फाईल इन' करा. जुनी-नवी काही नावं बदललेली असतात, तेवढी दुरुस्त करावी लागतात. स्क्रीनवर मांडलेल्या वस्तू मात्र याने येत नाहीत, त्या पुन्हा मांडाव्या लागतात. आयर्विनची पट्टी आम्ही अशीच स्क्वीक ५.३ मध्ये आणली. कोड वीस मिनिटांत आला. पुलाचं चित्र मुलांनी पुन्हा काढलं, त्याला दोन रविवार लागले, आणि या वेळी त्यांनी पट्टी ६० फुटांपर्यंत वाढवली.

९. ठेवताना जोडीनं ठेवा

आता क्लासमध्ये प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये चार गोष्टी असतात: इमेज, चेंजेस, सोर्सेस आणि ज्या व्हीएमवर ती शेवटची सेव्ह झाली तिची झिप. फोल्डरच्या नावातच आकडा असतो, म्हणजे 'पूल-६८०२१'. सोबत एक दोन ओळींची टेक्स्ट फाईल: व्हीएमची तारीख आणि कुठल्या मशिनवर चालवली. ईमेलने पाठवताना सगळं झिप करूनच पाठवायचं, सुट्या फायली नाही, कारण समोरचा फक्त इमेज उतरवतो आणि रात्री फोन करतो.

मे महिन्यात मी सगळी फोल्डरं दोन पेनड्राइव्हवर घेतो. एक घरी. दुसरा विट्याला बहिणीकडे, तिथं कृष्णा पोचत नाही.